पावसाच्या पाण्याच्या कामासाठी महापालिकेचे अनुदान : अर्ज करण्यापूर्वी काय तपासावे?

तिसरा_मजला

नमस्कार. आमची एक जुनी तीन मजली इमारत आहे आणि ती आम्हा तिघा भावंडांच्या नावावर आहे. छपराचे क्षेत्रफळ सुमारे ३२० चौरस मीटर असून मागच्या अंगणात १८० चौरस मीटरची सिमेंटची फरसबंदी आहे. छपराचे पाणी पन्हळीतून उभ्या पाइपात आणि तेथून थेट रस्त्याखालच्या गटारात जाते. अंगणाचा उतार मात्र कोणीतरी पूर्वी उलटा काढून ठेवल्यामुळे तिथले पाणी तळघराच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबते आणि पाऊस लांबला की आत शिरते.

खासगी मालमत्ताधारकांनी आपल्या आवारात पावसाच्या पाण्याचे व्यवस्थापन केल्यास खर्चाचा मोठा भाग देण्याची योजना आमच्या शहराने जाहीर केली आहे. टाकी, हिरवे छप्पर, रेन गार्डन (पावसाचे पाणी मुरवणारी खोलगट बाग), शोषखड्डा आणि पाणी झिरपणारे पेव्हर ब्लॉक अशी पाच-सहा कामे तिच्या यादीत आहेत. आमचा विचार ५,००० लिटरची एक टाकी बसवून ते पाणी झाडांना आणि अंगण धुण्यासाठी वापरावे एवढाच होता, परंतु अर्जाचा नमुना पाहिल्यावर गोंधळ उडाला. त्यात ‘व्यवस्थापित होणारे क्षेत्र’, ‘धारणक्षमता’ आणि ‘दीर्घ मुदतीचा देखभाल करार’ असे रकाने आहेत. टाकीत साठलेल्या पाण्याचा आम्ही काय उपयोग करणार, हे मात्र जवळजवळ कोठेच विचारलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. नुसते वापरासाठी पाणी साठवणाऱ्या टाकीलाही हे अनुदान मिळते का? पाऊस जवळ आला असल्यामुळे मंजुरी येण्यापूर्वी काम सुरू केले तर चालेल का? देखभाल करारावर सही केल्याने आपण नेमके कशाला बांधले जातो? आणि ज्यांनी अशी योजना घेतली आहे, त्यांना ती घेतल्याचे समाधान आहे की पश्चात्ताप, हेही कळले तर बरे होईल.

मोजपट्टी

आपण अर्जाचा नमुना नीट वाचला आहे, कारण त्यात काय विचारलेले नाही हे आपल्या लक्षात आले, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. मी निवृत्त होईपर्यंत जलनिस्सारणाच्या कामात होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पाणी साठवल्याबद्दल शहर आपल्याला पैसे देत नसते. आपल्या छपरावरचे आणि फरशीवरचे पाणी पावसाच्या ऐन तासाला गटारात येऊ नये, यासाठी ते पैसे देते. ज्या पृष्ठभागाचे पाणी असे थोपवले जाते ते अर्जातले ‘व्यवस्थापित होणारे क्षेत्र’, आणि किती पाणी थोपवता येते ती ‘धारणक्षमता’. अनेक जुन्या शहरांत सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहते. कोरड्या दिवशी तो नळ अर्धाही भरत नाही, पण जोराची सर आली की तासाभरात त्याची क्षमता संपते आणि शुद्धीकरण केंद्रापर्यंत न पोहोचता मैल्यासकट पाणी नदीत सोडावे लागते. जिथे दोन नळ वेगळे आहेत तिथे मैला मिसळत नाही, तरी रस्त्यावरचे तेल, माती आणि कचरा घेऊन तेच पाणी नदीनाल्यांत उतरते आणि सखल भाग बुडवते. यावर मोठे बोगदे खोदणे हा एक उपाय झाला, परंतु तो अतिशय खर्चिक असतो आणि वर्षातले बहुतेक दिवस ते बोगदे रिकामेच राहतात. दुसरा उपाय म्हणजे पाणी जिथे पडते तिथेच त्याला थोडे थोपवणे. मात्र रस्ते, बागा आणि शाळांची मैदाने एवढ्याच जागा शहराच्या ताब्यात असतात. पाणी न मुरू देणारा पृष्ठभाग मोठ्या प्रमाणावर खासगी छपरांचा आणि वाहनतळांचा असतो. म्हणून शहराला आपल्या दारी यावे लागते.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते आणि ते योग्यही आहे. त्या शहराने २०११ साली २५ वर्षांचा ‘ग्रीन सिटी, क्लीन वॉटर्स’ हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातील प्रगती मोजण्यासाठी ‘हरित एकर’ हे माप ठरवले. पाणी न मुरणाऱ्या एक एकर पृष्ठभागावर पडणाऱ्या पहिल्या एक इंच पावसाचे व्यवस्थापन झाले, की एक हरित एकर पूर्ण झाला असे मानतात. एक एकरावरचा एक इंच पाऊस म्हणजे एक लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी. तेथील पाणी विभाग खासगी मालमत्ताधारकांना अनुदान देतो तेव्हा तो असे एकर विकत घेत असतो, असे समजले तरी चालेल. नव्या बांधकामात जे काम कायद्यानेच बंधनकारक आहे त्यासाठी हे अनुदान मिळत नाही, कारण जे काम तसेही होणारच आहे ते विकत घेण्यात शहराला काय स्वारस्य?

आता आपल्या टाकीकडे येऊ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या ३२० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर ८,००० लिटर पाणी पडते. थोडे उडते, थोडे छपर ओले होण्यात जाते, ते वजा केले तरी सुमारे ७,२०० लिटर पन्हळीत उतरते. म्हणजे आपली ५,००० लिटरची टाकी साधारण १७ मिलिमीटर पावसातच तुडुंब भरेल. तेही ती आधी पूर्ण रिकामी असेल तर! येथेच आपली गरज आणि शहराची गरज एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. आपल्याला टाकी भरलेली हवी असते, कारण कोरड्या दिवसांत झाडांना पाणी लागते. शहराला ती रिकामी हवी असते, कारण भरलेली टाकी पुढच्या सरीतला एक थेंबही अडवत नाही. पावसाळ्यात आपली झाडे टाकीतले पाणी मागणार नाहीत, टाकी पहिल्या दोन दिवसांत भरेल आणि उरलेला सगळा हंगाम वरून येणारे पाणी तिच्या तोंडातून सरळ गटारात जात राहील. शहराच्या हिशेबात अशा टाकीची किंमत जवळजवळ शून्य असते, आणि बऱ्याच योजनांत अशी टाकी एक तर नाकारली जाते किंवा तिला नाममात्र रक्कम मिळते, त्याचे कारण हेच.

यातून मार्ग निघतो, पण त्यासाठी टाकी दोन मजली आहे अशी कल्पना करावी लागते. समजा आपण ८,००० लिटरची टाकी घेतली. तळापासून ३,००० लिटरपर्यंतचा भाग आपल्या वापरासाठी ठेवला आणि त्या पातळीवर बाजूला एक बारीक निकास बसवला, तर वरच्या ५,००० लिटरांत येणारे पाणी त्या निकासातून हळूहळू, सुमारे २४ तासांत बाहेर पडते आणि पुढच्या सरीसाठी जागा मोकळी होते. हा वेग मिनिटाला साडेतीन लिटर, म्हणजे अर्धवट उघडलेल्या नळाएवढाच असतो. गटाराला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र त्यासाठीचे छिद्र पेन्सिलीच्या जाडीएवढेच भरते आणि एक पान आडवे आले तरी ते बुजते. म्हणून आधी जाळी, पहिल्या पावसाचे गढूळ पाणी बाजूला काढणारी व्यवस्था आणि निकासापर्यंत हात पोहोचेल अशी जागा, या तिन्ही गोष्टी नकाशात दाखवा. अर्ज तपासणारा अभियंता सर्वप्रथम तेच पाहील. मी तरी पाहिले असते.

दोन्ही हेतू एकत्र बांधणाऱ्या योजनाही आहेत. टोकियोतील सुमिदा या विभागात १९८५ साली सुरू झालेल्या सुमो कुस्तीच्या कोकुगिकान या सभागृहाखाली १,००० घनमीटरची पर्जन्यजल टाकी आहे आणि तो विभाग १९९५ पासून घरमालकांना टाक्यांसाठी अनुदान देत आला आहे. तेथे पूर टाळणे, आपत्तीच्या वेळी पाणी हाताशी असणे आणि रोजचा वापर असे तिन्ही हेतू एकत्र मानले जातात. आपल्या शहराच्या योजनेचा हेतू कोणता, हे तिच्या प्रस्तावनेत असते. बहुतेक अर्जदार प्रस्तावना वगळून थेट रकमेचे पान उघडतात.

मंजुरीपूर्वी काम सुरू करण्याबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. अशा योजनांत सुरू झालेले काम सहसा ग्राह्य धरत नाहीत, कारण मूळ स्थिती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किती पाणी थोपले हे ठरवता येत नाही. एखादा पावसाळा वाया गेला तरी चालेल. मधल्या काळात जोराच्या पावसात अंगणात उभे राहून पाणी कुठून कुठे जाते त्याची छायाचित्रे तेवढी घ्या. नंतर कोणत्याही मोजणीतून ते इतके स्पष्ट दिसणार नाही.

पागोळी

मोजपट्टी यांनी हिशेब इतका नेमका मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. देखभाल कराराबद्दल मात्र मी अनुभवाने लिहू शकते. आमच्या इमारतीने काही वर्षांपूर्वी अशाच एका योजनेतून वाहनतळाची जागा झिरपणाऱ्या पेव्हर ब्लॉकची केली आणि कडेला रेन गार्डन केले. सुरुवातीची दोन वर्षे काम फारच देखणे दिसत होते आणि पाणीही मुरत होते. त्यानंतर व्यवस्थापन समिती बदलली. नव्या समितीला करारातील अटींची कल्पना नव्हती, आणि कोणा सदस्याच्या सूचनेवरून बागेसाठी आणलेल्या मातीचा ढीग आठवडाभर त्याच पेव्हर ब्लॉकवर ठेवला गेला. एका पावसात ती माती फटींमध्ये उतरली आणि ती फरशी साध्या फरशीसारखीच पाणी वाहून नेऊ लागली.

यात ठेकेदाराची चूक नव्हती आणि ब्लॉकचीही नव्हती. अशा फरशीला वर्षातून एक-दोनदा यंत्राने शोषून स्वच्छ करावे लागते, तिच्या फटींत बारीक वाळू न भरता खडीच भरावी लागते आणि तिच्यावर माती, वाळू किंवा सिमेंट काही काळासाठीही ठेवायचे नसते. हे सर्व करारासोबतच्या परिशिष्टात लिहिलेले होते. परिशिष्ट कपाटात होते आणि कपाटाची किल्ली जुन्या सचिवांकडे राहिली होती. पुढे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने सौजन्याने, पण लेखी कळवले की ठरावीक मुदतीत पृष्ठभाग पूर्ववत न केल्यास अनुदानाचा भाग परत मागितला जाईल. आम्ही तो पूर्ववत केला, स्वतःच्या खर्चाने.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की करारावर सही केल्याने आपण एकटे बांधले जात नाही, अनेक ठिकाणी ती मालमत्ताच बांधली जाते. करार मालमत्तेच्या दस्तऐवजाशी जोडून नोंदवला जातो आणि जागा विकली तरी नव्या मालकाकडे तो आपोआप जातो. आपण तिघे भावंडे आहात, तेव्हा सहीपूर्वी तिघांनी बसून तीन गोष्टी कागदावर ठरवाव्यात, असे मी आग्रहाने सुचवते : दरवर्षीचा देखभालीचा खर्च कोण कोणत्या प्रमाणात देणार, तपासणीच्या वेळी कोण हजर राहणार, आणि एकाला आपला हिस्सा विकायचा झाला तर खरेदीदाराला हा करार दाखवण्याची जबाबदारी कोणाची. कामाचा भांडवली खर्च शहर देते; देखभालीचा खर्च सहसा देत नाही. अर्ज भरताना आपण पहिल्या आकड्यावर खूश होतो आणि दुसरा आकडा काढायचा राहून जातो.

आपण समाधानाबद्दल विचारले आहे. मला समाधान आहे. वाहनतळात पूर्वी घोट्याएवढे पाणी साचायचे, ते आता साचत नाही. मात्र ती फरशी झाडण्याचे वेळापत्रक मी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले आहे, कपाटात नाही.

ओंजळ

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. अनुदान म्हणजे एकदा मिळणारी रक्कम आणि पुढे दीर्घ काळाचे बंधन. काही शहरांत दुसरा रस्ताही असतो, तो म्हणजे पावसाळी पाण्याच्या शुल्कातील सवलत. आपल्या शहरात असे शुल्क असेल तर आधी त्याचे बिल काढून पाहावे, कारण लहान मालमत्तेला कधी कधी तोच मार्ग सोयीचा ठरतो.

जर्मनीतील अनेक शहरांत सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क वेगवेगळे आकारतात. सांडपाण्याचे शुल्क वापरलेल्या पाण्यावर ठरते, तर पावसाच्या पाण्याचे शुल्क गटाराला जोडलेल्या, पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर. बर्लिनमध्ये ही पद्धत २००० सालापासून आहे. तेथे मालकाने फरशी उखडली किंवा छपराचे पाणी जागेवरच मुरवले, की तेवढे क्षेत्र बिलातून कमी होते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरातही ‘क्लीन रिव्हर रिवॉर्ड्स’ या नावाने अशी सवलत आहे. शुल्काचा जो भाग मालमत्तेच्या आवारातील पाण्यासाठी आकारला जातो, तो पूर्णपणे माफ होऊ शकतो.

यामागे न्यायाचाही एक मुद्दा आहे आणि तो मला अनुदानापेक्षा महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियामध्ये २०१० पूर्वी पावसाळी पाण्याचे शुल्क पाण्याच्या मीटरच्या आकारावरून ठरत असे. त्यामुळे ज्या विस्तीर्ण वाहनतळाला पाण्याची जोडणीच नव्हती, तो एवढे पाणी गटारात सोडूनही काहीच भरत नसे, आणि एखादी उंच इमारत लहानशा छपरासाठी भरपूर भरत असे. क्षेत्रफळावर आकारणी सुरू झाल्यावरच वाहनतळांच्या मालकांना आपल्या डांबराची किंमत कळू लागली. शुल्कच योग्य रीतीने आकारले तर लोक आपापल्या खर्चाने सुधारणा करतील, मग इतरांच्या करातून अनुदान कशाला, असा माझा प्रश्न आहे.

मोजपट्टी

ओंजळ यांचा न्यायाचा मुद्दा मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. शुल्कातील सवलत मालकाला दरवर्षी थोडी थोडी मिळते, तर फरशी उखडण्याचा आणि खोदकामाचा खर्च एकाच वेळी येतो. नुसत्या सवलतीतून तो खर्च वसूल व्हायला इतकी वर्षे लागतात की हिशेबी मालक बिल भरत राहणेच पसंत करतो. फिलाडेल्फियानेही क्षेत्रफळावरची आकारणी आणल्यानंतर अनुदानही सुरू केले. शुल्क माणसाला दाराशी आणते; आत येण्यासाठी बहुधा अनुदान लागते.

तिसरी एक पद्धत वॉशिंग्टन शहरात आहे आणि ती अधिक चतुर आहे. तेथील २०१३ च्या नियमांनुसार मोठ्या नव्या बांधकामाला १.२ इंच, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर पाऊस जागेवर धरावा लागतो. त्यातील अर्ध्यापर्यंतचा वाटा बांधकाम व्यावसायिक दुसरीकडे धरवून घेऊ शकतो. ज्याने आपल्या जागेत ऐच्छिकपणे धारणक्षमता निर्माण केली त्याला दर गॅलनामागे (सुमारे ३.८ लिटर), दर वर्षासाठी एक पत, म्हणजे विकता येणारे श्रेयपत्र मिळते आणि ती पत तो व्यावसायिकाला विकू शकतो. म्हणजे पैसा करदात्याचा नाही, ज्याने पृष्ठभाग झाकला त्याचा. पण अशी बाजारपेठ चालवायला मोजमापाची आणि तपासणीची जी यंत्रणा लागते, ती सर्वत्र नसते.

खारूताई

एक छोटी भर घालते. अमेरिकेतील सिअॅटल शहर आणि ते ज्या जिल्ह्यात येते ती किंग काउंटी यांच्या ‘रेनवाइज’ योजनेत रेन गार्डन आणि टाक्यांसाठी परतावा मिळतो, परंतु शहरातील सर्वांना नाही. ज्या भागांतून गटारे ओसंडून वाहतात त्या ठरावीक क्षेत्रांतील पत्त्यांनाच मिळतो, आणि काम योजनेने प्रशिक्षित केलेल्या ठेकेदारांकडून करून घ्यावे लागते. आपल्या शहराच्या योजनेतही अशी क्षेत्राची अट आहे का, हे प्रथम पाहावे. तसेच ‘परतावा’ हा शब्द असेल तर आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. रक्कम थेट ठेकेदाराला देण्याची सोय आहे का, हे विचारायला संकोच करू नये. आमचे काम केवळ त्या एका प्रश्नामुळे होऊ शकले.

तिसरा_मजला

सर्वांचे मनापासून आभार. आमचा पत्ता योजनेच्या क्षेत्रात येतो, हे आज कार्यालयात विचारून घेतले. परतावा कामानंतरच मिळणार आहे.

मोजपट्टी यांचे उत्तर वाचल्यावर मी अंगणाच्या दोन कोपऱ्यांत फरशीच्या कडेला हातभर खोल खड्डे खणून त्यांत पाणी भरले. पहिल्यांदा भरलेले पाणी मुरू दिले आणि दुसऱ्यांदा भरून पट्टीने मोजले. लांबच्या कोपऱ्यात तासाला सुमारे २० मिलिमीटर पाणी उतरले; तळघराजवळच्या कोपऱ्यात मात्र जेमतेम ४. माझा हेतू असा होता की जिथे पाणी साचते तिथेच, म्हणजे तळघराच्या पायऱ्यांजवळ, रेन गार्डन करावे. हे बरोबर होईल का? आणि तळघरात पाणी शिरू नये म्हणून जे काम करावे लागेल, तेही याच अनुदानात बसते का?

मोजपट्टी

मोजमाप घेतल्याबद्दल आपले अभिनंदन. असे खड्डे खणून पाहणारे अर्जदार मी नोकरीत फार थोडे पाहिले. पुष्कळ ठिकाणी तासाला १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, ही किमान मर्यादा धरतात. तेव्हा लांबचा कोपरा योग्य आहे आणि जवळचा अजिबात नाही. मुरण्याचा वेग पुरेसा असता तरीही मी तिथे नको म्हटले असते, कारण पाया आणि रेन गार्डन यांच्यात किमान तीन मीटर अंतर ठेवावे असा सर्वसाधारण संकेत आहे. पाणी साचते तिथे खड्डा करणे ही कल्पना कोणालाही सुचते, परंतु आज वरून तळघरात येणारे पाणी उद्या भिंतीतून येईल एवढाच फरक पडेल.

आपल्याला करायचे आहे ते उलट : अंगणाचा उतार लांबच्या कोपऱ्याकडे फिरवायचा आणि रेन गार्डन तिथे करायचे. १८० चौरस मीटर फरशीवर २५ मिलिमीटर पावसाचे सुमारे ४,००० लिटर पाणी जमते. बागेत १५ सेंटिमीटर पाणी उभे राहू द्यायचे ठरवले आणि त्या दरम्यान मुरणारे पाणी हिशेबात धरले नाही, तर सुमारे २७ चौरस मीटर जागा लागेल. एवढी जागा मोकळी नसेल, तर फरशीचाच काही भाग उखडून घ्या. त्यामुळे पाणीही कमी जमते आणि बागही लहान चालते. आपल्या मोजणीप्रमाणे ते १५ सेंटिमीटर पाणी साधारण आठ तासांत मुरून जाईल, म्हणजे डासांची भीती नाही. नियमांत यासाठी सहसा दोन ते तीन दिवसांची मुदत असते. मात्र काम चालू असताना त्या कोपऱ्यावरून एकही जड यंत्र जाऊ देऊ नका आणि तिथे साहित्य रचू देऊ नका. माती एकदा दाबली गेली की आज मिळालेले २० मिलिमीटर परत मिळत नाहीत. ही अट ठेकेदाराच्या करारात लेखी घाला आणि काम संपल्यावर हीच चाचणी पुन्हा घेऊन मगच अंतिम रक्कम द्या.

तळघराचा प्रश्न वेगळा आहे. गटार तुंबल्यावर पाणी उलटे येऊ नये म्हणून बसवायचा व्हॉल्व्ह किंवा साचलेले पाणी उपसणारा पंप, ही कामे आपल्या मालमत्तेचे रक्षण करतात. त्यांमुळे गटाराकडे जाणारे पाणी कमी होत नाही. म्हणून पावसाळी पाण्याच्या अनुदानात ती सहसा बसत नाहीत. टोरांटोमध्ये त्यांच्यासाठी तळघर-पूर संरक्षणाची स्वतंत्र योजना आहे आणि तिची एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे : छपराचे उभे पाइप गटारापासून आधी तोडलेले असले पाहिजेत. आपल्याकडेही अशी वेगळी योजना असेल तर तिचा अर्ज वेगळा करावा आणि एकाच कामाचा खर्च दोन्हीकडे दाखवू नये. हिशेब तपासनीस ते हमखास पकडतात.

उभे पाइप तोडणे हे या साऱ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पोर्टलंडने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या मोहिमेत २०११ पर्यंत पन्नास हजारांहून अधिक पाइप गटारापासून तोडून बागांकडे आणि हिरवळीकडे वळवले. आपल्या छपराचे चार पाइप असतील आणि त्यांपैकी दोन लांबच्या कोपऱ्याच्या बाजूला उतरत असतील, तर टाकीला जोडण्यापूर्वी ते दोन नुसते बागेकडे वळवता येतात का ते पाहावे. तसे केले तर बागेचे क्षेत्र वाढवावे लागेल, पण टाकी लहान होईल.

आणखी एक गोष्ट नकाशात स्पष्ट दाखवावी लागेल, ती म्हणजे सगळे भरल्यावर पाणी कुठून बाहेर पडणार. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या छपरावर तसा पाऊस झाला तर ४८,००० लिटर पाणी येईल आणि आपण बांधू ती टाकी आणि करू ती बाग त्याच्यापुढे पहिल्या काही मिनिटांतच हार मानेल. अनुदान त्या दिवसासाठी नसते, वर्षात अनेकदा येणाऱ्या साध्या जोराच्या पावसासाठी असते. पण त्या दिवशी ओसंडणारे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे न जाता रस्त्याकडे जावे, ही जबाबदारी आपली आहे आणि वाद होतात ते इथेच. बागेच्या कडेचा रस्त्याकडील भाग इतर कडांपेक्षा पाच सेंटिमीटर खाली ठेवा, तेथे दगड बसवा आणि टाकीच्या वरच्या पाइपाचे तोंड त्याच दिशेला काढा.

पागोळी

यात एवढेच जोडते, की तो खालचा भाग बांधून झाला की पुढच्या वर्षी कोणीतरी माती घसरते म्हणून तो भरून टाकील. आमच्याकडे माळीबुवांनी अगदी चांगल्या हेतूने तेच केले होते. तिथे एक लहानशी पाटी लावा.

तिसरा_मजला

पाटीची सूचना टिपून घेतली आहे. उतार फिरवण्याचे आणि ८,००० लिटरच्या टाकीचे कच्चे रेखाचित्र काढून ते पुढच्या आठवड्यात कार्यालयात दाखवणार आहे. भावंडांची बैठक रविवारी ठरली असून, देखभालीच्या खर्चाचा विषय काढताच थोरल्यांनी टाकी खरोखर लागतेच का, असे विचारले आहे. चारपैकी तीन पाइप लांबच्या कोपऱ्याच्या बाजूलाच उतरतात, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.